लग्नपत्रिकांच्या कार्डांवर आवर्तसारणी: घरी मांडून समजून घ्यायची पद्धत

कालव्याला पाणी सुटलं की आमच्याकडं म्हणतात, "आवर्तन आलं." जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-मानवत भागात ज्यांचं रान आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाणी येतं, थांबतं, ठरल्या पाळीनं पुन्हा येतं. दहावीच्या विज्ञानात 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा आहे, त्यातला 'आवर्ती' याच घरातला शब्द. मूलद्रव्यं अणुअंकाच्या क्रमानं मांडत गेलं की ठरावीक टप्प्यानंतर तेच गुणधर्म पुन्हा भेटतात. हे पुन्हा भेटणं डोळ्यांना दिसावं म्हणून तक्ता तसा आखलेला आहे.

तरी दरवर्षी लेकरं तो पाढ्यासारखा पाठ करतात. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... विसापर्यंत एका दमात म्हणून दाखवतात, आणि "सोडियमच्या खाली कोण?" विचारलं की गप्प होतात. पाढा ही एक सरळ ओळ असते. आवर्तसारणी ही जागोजागी मोडून एकाखाली एक ठेवलेली ओळ आहे, आणि ती कुठं मोडली यातच सगळं ज्ञान आहे. मोडण्याची जागा एकदा स्वतःच्या हातानं शोधली की पाठांतराची गरज फार थोडी उरते. म्हणून मी मुलांना छापील तक्ता आधी दाखवतच नाही. आधी मांडायला लावतो.

साहित्य काय? मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नपत्रिका. जाड कागद, मागची बाजू कोरी. आगपेटीएवढी २० कार्डं कापा.

पहिलं काम: कार्डं भरणं

प्रत्येक कार्डावर तीनच गोष्टी लिहायच्या. वर कोपऱ्यात अणुअंक, मधोमध संज्ञा आणि नाव, खाली इलेक्ट्रॉन संरूपण. अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. अणूत इलेक्ट्रॉनही तितकेच असतात. ते कवचांत, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या थरांत, भरायचे: पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात तूर्त ८. म्हणजे सोडियमचा अणुअंक ११, त्याचं संरूपण २, ८, १. क्लोरीन १७, म्हणून २, ८, ७. कॅल्शियम २०, म्हणून २, ८, ८, २. शेवटचा आकडा लाल पेनानं लिहा, पुढं सगळं काम त्याचंच आहे.

संज्ञा लिहिताना एक काळजी घ्या. पहिलं इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीतलं, दुसरं असेल तर लहान. 'सी' आणि 'ओ' दोन्ही मोठे काढले तर तो कार्बन मोनॉक्साइड झाला, 'ओ' लहान काढला तर कोबाल्ट. एक विषारी वायू, एक धातू. परीक्षेत एवढ्यावरून गुण जातात. सोडियमची संज्ञा 'एन-ए' आणि पोटॅशियमची 'के' कशी, हा प्रश्न दर वर्गात येतो. ती नॅट्रियम आणि कॅलियम या लॅटिन नावांची आद्याक्षरं आहेत. लोखंड, तांबं, चांदी, सोनं, शिसं यांच्या संज्ञाही अशाच लॅटिन नावांवरून आल्या.

दुसरं काम: ओळ कुठं मोडायची

वीसही कार्डं सतरंजीवर एका ओळीत लावा. आता लाल आकडे वाचत चला: १, २, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, १, २, ३... आकडा चढत जातो आणि एकदम १ वर येतो. जिथं १ येतो तिथं नवं कवच सुरू झालं. तिथंच ओळ मोडायची आणि ते कार्ड खाली, नव्या ओळीच्या सुरुवातीला आणायचं. पहिली ओळ २ कार्डांची होईल, दुसरी ८ ची, तिसरी ८ ची, आणि चौथीत सध्या पोटॅशियम, कॅल्शियम ही दोनच.

या आडव्या ओळीला 'आवर्त' म्हणतात आणि उभ्या रांगेला 'गण'. या दोन नावांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि तिचं एक कारण आपल्या भिंतीवर टांगलेलं असतं असं मला वाटतं. मराठी दिनदर्शिकेत वार डाव्या बाजूला एकाखाली एक असतात आणि आठवडे उभे उतरतात. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. महिन्यातले सगळे सोमवार शोधायचे तर बोट आडवं फिरवावं लागतं. आवर्तसारणीत हे उलटं आहे. इथं आठवडा आडवा आहे आणि वार उभे. सगळे 'सोमवार', म्हणजे एकाच स्वभावाची मूलद्रव्यं, वरून खाली एका रांगेत सापडतात. भिंतीवरची दिनदर्शिका मनात काटकोनात फिरवून पाहा, पुन्हा गोंधळ होणार नाही.

आता दोन कार्डं अडतील. मागच्या वर्षी मानवतकडच्या एका मुलीनं हेलियमचं कार्ड हातात धरून विचारलं, "सर, याला तर दोनच इलेक्ट्रॉन हायेत. मग ह्यो बेरिलियमच्या डोक्यावर बसायचा सोडून तिकडं टोकाला कामून?"

प्रश्न अगदी खरा आहे. लाल आकडा २, मग दुसऱ्या गणात का नाही? मी तिला आकडा सोडून जागा मोजायला सांगितलं. पहिल्या कवचात जागाच दोन आहेत आणि हेलियमनं दोन्ही भरल्या. त्याच्याकडं देण्यासारखं काही नाही आणि घ्यायला रिकामी जागाही नाही. निऑन २, ८ आणि अरगॉन २, ८, ८ यांचंही तेच. भरलेलं घर कुणाशी देवघेव करत नाही, म्हणून हेलियम या राजवायूंच्या रांगेत, उजव्या टोकाला, निऑनच्या वर बसतो. तो बेरिलियमच्या वर बसवला असता तर शेजारी सगळे क्रियाशील धातू आणि हा मात्र कशाशीच न बोलणारा वायू, असं झालं असतं.

दुसरं अडणारं कार्ड हायड्रोजनचं. बाहेर एकच इलेक्ट्रॉन, म्हणून लिथियमच्या वर ठेवतात, पण तो धातू नाही. कवच भरायला त्याला एकच कमी पडतो, त्या हिशोबानं तो क्लोरीनचाही भाऊबंद. क्लोरीनसारखाच तो दोन-दोन अणूंच्या जोडीनं वायुरूपात राहतो. त्याला पहिल्या रांगेत ठेवा, पण खालच्या कार्डांपासून बोटभर अंतर सोडा. ते अंतर पाहून त्याचा वेगळेपणा लक्षात राहतो.

तिसरं काम: उभी रांग वाचणं

लिथियम, सोडियम, पोटॅशियम. तिघांचाही लाल आकडा १. शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम केरोसीनमध्ये बुडवलेला असतो. शिक्षकांनी त्याचा तुकडा चिमट्यानं काढून चाकूनं कापला तर तो खव्यासारखा कापला जातो, आणि आतली बाजू चांदीसारखी झळकते. बघता बघता ती झळाळी मरते, करडी होते. हवेतल्या ऑक्सिजननं आणि ओलाव्यानं त्याला तेवढ्यात गाठलेलं असतं. लिथियम पाण्यात टाकला तर शांतपणे बुडबुडे सोडतो, सोडियम वितळून गोळी होतो आणि पाण्यावर सैरावैरा पळतो, पोटॅशियम जांभळट ज्वालेनं पेट घेतो. हे घरी करायचं नाही, शिक्षकांनी करून दाखवायचं. स्वभाव तिघांचा एकच, फक्त खाली जाईल तसा तापट होत जातो.

का? पोटॅशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात आहे. केंद्रक लांब, मध्ये तीन कवचांचा आडपडदा. पकड सैल, म्हणून तो लवकर सुटतो. आता राजवायूंच्या अलीकडच्या रांगेकडं या. पूर्ण तक्त्यात हा सतरावा गण, तो कसा ते पाचव्या कामात दिसेल: फ्लोरीन, क्लोरीन, आणि आपल्या विसांच्या पुढची ब्रोमीन, आयोडीन. इथं उलटं होतं, वरचा फ्लोरीन सगळ्यात तापट आणि खाली जाईल तसा जोर ओसरतो. मुलांना यात विसंगती वाटते. कारण मात्र तेच आहे. पहिला गण इलेक्ट्रॉन देतो, सतरावा घेतो. सैल पकड देणाऱ्याला सोयीची, घेणाऱ्याला अडचणीची. एवढं एक वाक्य कळलं की दोन्ही गणांचे कल लक्षात ठेवावे लागत नाहीत, काढता येतात.

घरातली आयोडीनयुक्त मिठाची पुडी घ्या. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि त्यात मिसळलेलं असतं पोटॅशियम आयोडेट. सोडियम आणि पोटॅशियम एका रांगेतले, क्लोरीन आणि आयोडीन दुसऱ्या. एका चिमटीत तक्त्याच्या दोन रांगा आल्या.

एका रांगेतली मूलद्रव्यं इतकी सारखी असतात की शरीरही फसतं. कॅल्शियमच्या खाली स्ट्रॉन्शियम आहे, तो कॅल्शियमच्या वाटेनं हाडात जाऊन बसतो. फॉस्फरसच्या खाली अर्सेनिक, म्हणजे सोमलातलं मूलद्रव्य. त्याच्या विषारीपणाचं एक कारण हेच, की पेशीत फॉस्फरसच्या जागी तो शिरकाव करतो. विषाचा पत्ता तक्त्यात अन्नाच्या एक घर खाली आहे, हे मला आजही थक्क करतं.

चौथं काम: आडवी ओळ वाचणं

तिसरं आवर्त समोर ठेवा आणि प्रत्येकाला किती क्लोरीन लागतात ते पाहा. सोडियमला एक, मॅग्नेशियमला दोन, ॲल्युमिनियमला तीन, सिलिकॉनला चार. या आकड्याला, म्हणजे जोडणीसाठी किती इलेक्ट्रॉन द्यावे किंवा घ्यावे लागतात त्याला, संयुजा म्हणतात. तिथून ती उतरते: फॉस्फरस ३, गंधक २, क्लोरीन १, अरगॉन शून्य. कारण चारनंतर इलेक्ट्रॉन देण्यापेक्षा आठला जितके कमी आहेत तितके मिळवणं सोपं. फॉस्फरस आणि गंधक यांची संयुजा याहून जास्तही दिसते, पण सुरुवातीला ही शिडी पुरेशी आहे.

अणूच्या आकाराबद्दल जवळपास प्रत्येक जण चुकीचा अंदाज करतो. डावीकडून उजवीकडं इलेक्ट्रॉन वाढतात, म्हणजे अणू फुगत जाणार असं वाटतं. प्रत्यक्षात तो आकसतो. दुसऱ्या आवर्तात लिथियमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, बेरिलियमची १११, बोरॉनची ८८, कार्बनची ७७, नायट्रोजनची ७४, ऑक्सिजनची ६६. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, नवीन मजला चढत नाही. केंद्रकात मात्र दर घराला एक प्रोटॉन वाढतो आणि सगळ्यांना आत ओढतो. खाली उतरताना मजलाच वाढतो, म्हणून लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१. हे आकडे कार्डाच्या मागं लिहून ठेवा.

धातूपणाही याच दिशांनी चालतो. डावीकडं आणि खाली धातू, उजवीकडं आणि वर अधातू. मधून बोरॉनपासून पायऱ्यांसारखी उतरणारी नागमोडी रेषा जाते, आणि तिच्या काठावर सिलिकॉन, जर्मेनियम, अर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम हे धातुसदृश बसतात.

पाचवं काम: मधली दहा घरं

आतापर्यंत विसांत काम भागलं. एकविसाव्याला अडचण येते, आणि खरं तर ती एकोणिसाव्यालाच आली होती. हुशार मूल विचारतं: तिसऱ्या कवचात १८ मावतात, मग पोटॅशियम २, ८, ९ का नाही? कवचांच्या आत उपकवचं असतात. तिसऱ्या कवचाचं शेवटचं उपकवच भरण्याआधी चौथ्याचं पहिलं भरणं ऊर्जेच्या हिशोबानं स्वस्त पडतं. म्हणून पोटॅशियम आणि कॅल्शियम चौथा मजला उघडतात, आणि मग स्कँडियम २१ पासून जस्त ३० पर्यंतचे दहा इलेक्ट्रॉन मागं, आतल्या तिसऱ्या कवचात भरले जातात. याला जागा हवी म्हणून बेरिलियम आणि बोरॉन यांच्यामध्ये, तसंच मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये दहा घरांचं रिकामं अंतर सोडावं लागतं. तुमची कार्डं आता सरकवा: पहिले दोन गण डावीकडं, बाकी सहा उजवीकडं, मध्ये दहा घरं मोकळी. एकूण १८ गण झाले. तेराव्या गणाचा लाल आकडा ३, सतराव्याचा ७, म्हणजे उजवीकडच्या गणातून १० वजा करायचे.

या मधल्या पट्ट्याला संक्रामक मूलद्रव्यं म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या घरात त्यांची ओळख आधीच झालेली असते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीच्या बाटलीवरची यादी वाचा: मँगनीज, लोह, तांबं, जस्त. अणुअंक २५, २६, २९, ३०. चौघंही चौथ्या आवर्तात, याच पट्ट्यात. चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीनची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, कारण जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. पोराला ते पिवळं पान दाखवून २६ नंबरचं कार्ड हातात द्या. तो नंबर तो विसरत नाही.

आडवे शेजारी इथं बरेच सारखे वागतात, कारण भर आतल्या कवचात पडते आणि बाहेरचा चेहरा फारसा बदलत नाही. अकरावा गण मात्र खास पाहण्यासारखा: तांबं २९, चांदी ४७, सोनं ७९, सराफाचं दुकान एकाखाली एक. त्याला लागून बाराव्यात जस्त आणि पारा. बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या मिश्रणात चांदीची तार बसवतात. तिन्ही धातू लगतच्या दोन गणांतले.

तक्त्याच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळी म्हणजे लॅन्थॅनाइड आणि ॲक्टिनाइड. त्या सहाव्या आणि सातव्या आवर्ताच्याच आहेत. आत ठेवल्या तर तक्ता ३२ घरांचा रुंद होतो आणि कागदावर मावत नाही, इतकंच. आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज करून पाहा, ११८ भरते.

सहावं काम: कुठल्याही अणुअंकाचा पत्ता काढणं

यासाठी एकच ओळ पाठ करा, राजवायूंचे अणुअंक: २, १०, १८, ३६, ५४, ८६, ११८. दिलेल्या अंकाच्या लगतचा लहान राजवायू घ्या. तो संपला त्याच्या पुढचं आवर्त हे तुमचं आवर्त. मग वजाबाकी करा. चौथ्या आणि पाचव्या आवर्तात बाकी हाच गण. लोह: २६ वजा १८ बरोबर ८, आवर्त चौथं, गण आठवा. चांदी: ४७ वजा ३६, अकरावा. आयोडीन: ५३ वजा ३६, सतरावा.

दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तात बाकी २ पेक्षा जास्त आली तर १० मिळवा, कारण मधली घरं तिथं रिकामी आहेत. ॲल्युमिनियम: १३ वजा १०, बाकी ३, म्हणून तेरावा. सहाव्या-सातव्यात बाकी २ पर्यंत असेल तर तोच गण, १७ किंवा जास्त असेल तर तळच्या ओळीचे १४ वजा करा. सोनं: ७९ वजा ५४, बाकी २५, त्यातून १४ गेले, ११. शिसं: ८२, बाकी २८, वजा १४, चौदावा गण, म्हणजे कार्बनचीच रांग. बाकी ३ ते १६ च्या मधली आली तर मूलद्रव्य तळच्या ओळीतलं. युरेनियम ९२ वजा ८६, बाकी ६, म्हणून तो ॲक्टिनाइड.

रिकाम्या घरांचं महत्त्व

मुलं विचारतात, हे सगळं इलेक्ट्रॉन माहीत असल्यावर सोपं आहे, पण आधी कुणाला कसं सुचलं? १८६९ मध्ये रशियातल्या मेंडेलीव्हसमोर ६३ मूलद्रव्यं होती आणि हाती फक्त अणुवस्तुमान आणि गुणधर्म. इलेक्ट्रॉनचा शोधही तेव्हा लागला नव्हता. त्याच्या मांडणीत काही घरांत बसायला कुणी नव्हतं. त्यानं ती रिकामी ठेवली आणि त्यांना नावं देताना संस्कृत 'एक' हा शब्द घेतला: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन, म्हणजे त्या-त्या मूलद्रव्यापासून एक घर पुढं. एका-ॲल्युमिनियमची घनता ५.९ असेल असं त्यानं लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडला. शोधणाऱ्यानं घनता मोजली ती ४.७. मेंडेलीव्हनं कळवलं, नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा. पुन्हा मोजली, ५.९ भरली. पुढं १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम आपापल्या घरी आले.

वस्तुमानाचा क्रम मात्र काही ठिकाणी अडतो. अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशियम ३९.१०, म्हणजे वस्तुमानानं लावलं तर पेट घेणारा धातू राजवायूंच्या रांगेत जातो. १९१३ मध्ये हेन्री मोझ्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं क्ष-किरणांवरून दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा आहे, आणि अरगॉन १८, पोटॅशियम १९ हा हिशोब जुळला. तो २७ व्या वर्षी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला. वर्गात हे सांगताना मी क्षणभर थांबतो, आणि लेकरंही थांबतात.

सातवं आवर्त ११८ ला, ओगॅनेसॉनला संपतं. हेलियमवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं त्या दिवशी उठायच्या आधी एक कोरं कार्ड मागितलं. त्यावर ११९ लिहिलं, ११८ वजा केले, बाकी १ आली. संज्ञेची जागा मोकळी सोडून तिनं ते कार्ड पहिल्या रांगेत अगदी तळाला, फ्रान्सियमच्या खाली ठेवलं.